कोणाची बंदूक काढली

आमच्या घरात बंदुकीच्या गोष्टी पुष्कळ होत्या, बंदूक कधीच नव्हती. ढोकी या आमच्या गावच्या शेतात राखणीला होती ती गोफण. ज्वारी हुरड्यात आली की आबा माळ्यावर चढायचे आणि दिवस मावळेपर्यंत पाखरांच्या मागे ओरडत राहायचे. रात्री रानडुकरं उतरायची, तेव्हा डबे वाजवायचे, शेकोटी पेटवायची आणि काठी आपटत बांधावरून फिरायचं. गावात ठासणीची बंदूक होती ती वाड्यात. ती पिकावर कधी आली नाही. दसऱ्याला पूजेत मांडली जाई आणि वसुलीच्या दिवसांत ओसरीवरच्या खुंटीला टांगलेली दिसे. थोरल्या आजीनं ती पाहिली होती. तिला नळी, घोडा, दस्ता यातलं काही सांगता यायचं नाही. ती एवढंच म्हणायची, "बंदूक म्हंजी काय, तर ज्याच्याकडं हाय त्येचं आयकायचं."

शस्त्रपरवान्याचे कायदे वाजवी आहेत की जाचक, यावर मी बरंच वाचलं. बंदूक कशी वागवावी, कशी न्यावी, कुठं ठेवावी याचे नियमही वाचले. पण प्रत्येक वेळी मी त्या प्रश्नाकडे आजीच्या या वाक्यावरून गेलो. तिच्या आयुष्यात दोनदा हत्यारं एका बाजूला गोळा झाली आणि दोन्ही वेळा सरकार नावाची गोष्ट तिथं उशिरा पोचली.

आमचा मुलूख मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या राज्यातला. बार्शीकडं गेलं की इंग्रजी मुलूख लागायचा. आजीचं माहेर बार्शी तालुक्यातलं, म्हणून आमच्या घरात या दोन राज्यांच्या तुलनेला कधी खंड पडला नाही. खरं तर ही हद्द एकदा पुसली जाता जाता राहिली होती. १८५३ च्या तहात निजामानं वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला होता. कॅप्टन मेडोज टेलर इथला कारभार पाहायला आला. ठगांवरच्या कादंबरीसाठी इंग्रजी वाचक ज्याला ओळखतात तोच हा टेलर. मग १८५७ चं वादळ होऊन गेलं, निजाम इंग्रजांच्या बाजूनं उभा राहिला आणि १८६० मध्ये नळदुर्ग त्याला परत मिळालं. तसं झालं नसतं तर अठरा वर्षांनी आलेला इंग्रजांचा शस्त्र कायदा ढोकीलाही लागू झाला असता.

तो कायदा १८७८ चा, लॉर्ड लिटनच्या काळातला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा आणि त्याच लिटनचा. परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही, विकायची नाही, हद्दीबाहेर न्यायची नाही. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना मात्र त्यातून सूट. ही सूट लोकांच्या मनाला फार लागली होती. परवाना मागावा लागतो याचा राग होताच, पण शेजारच्या गोऱ्याला तो मागावा लागत नाही याचा त्याहून मोठा होता. म्हणूनच काँग्रेसच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध पुन्हापुन्हा ठराव होत राहिले. १९३१ च्या कराचीच्या ठरावात मूलभूत हक्कांची जी यादी झाली तिच्यात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही घातलेला होता.

आजीच्या मामांकडे बार्शीच्या बाजूला एकनळी बारा बोअर होती, रीतसर परवान्याची. मामा ढोकीला लग्नाकार्याला यायचे ते रेल्वेनं. बार्शी लाईटची ती अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली, १९०७ मध्ये तडवळ्याला पोचली आणि १९११ मध्ये ढोकीवरून लातूरला गेली. इंग्रजी मुलखातून निघालेली गाडी निजामाच्या हद्दीत शिरली की करोडगिरीवाले डब्यात चढायचे. कापड, साखर, जे काही आणलं असेल ते उघडून दाखवायचं. मामा बंदूक कधीच बरोबर आणत नसत. परवाना हद्दीपुरता असायचा. आबांनी एकदा विचारलं होतं, वाटेत चोरांची भीती असते, मग बंदूक घरी ठेवून कसे येता? मामांचं उत्तर आमच्या घरात पुढं कित्येक वर्षं सांगितलं गेलं. ते म्हणाले होते की ती बंदूक त्या घराची, त्या शेताची. तिला परमुलखात घेऊन हिंडलं की ती राखणीची राहत नाही. मामा निघताना बंदूक उतरवून, काडतुसं वेगळ्या पेटीत घालून, किल्ली करगोटीला बांधायचे म्हणे.

कुठल्याही सरकारी पुस्तकाशिवाय त्या माणसानं वाहतूक आणि साठवणुकीचा सगळा कायदा जाणला होता. आजचे नियम याहून वेगळं काही सांगत नाहीत. २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी बंदूक उघडी नाचवायला मनाई आहे, पिस्तूल म्यानात आणि लांब बंदूक आवरणात ठेवायची आहे. घरात ती सुरक्षित, कुलूपबंद ठेवीन असं अर्जदारानं लिहून द्यायचं आहे. यात जाच कुठला? ज्या घरात पोरंबाळं आहेत, दारू पिणारा एखादा भाऊ आहे, बांधावरून चाललेला वाद आहे, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक घरांत, तिथं हे कुलूप कायद्यानं सांगितलं नसतं तरी शहाण्या माणसानं लावलंच असतं.

मोगलाईत मात्र गोष्ट उलटी होती. निजामाच्या राज्यात देशमुखांकडे, जहागीरदारांकडे, त्यांच्या पदरच्या रोहिल्यांकडे आणि अरबांकडे हत्यारं असणं हे दरबाराच्या व्यवस्थेचाच भाग होतं. कर्ज थकलं की रोहिल्या दारात येऊन बसायचा आणि त्याच्या कमरेला काय आहे हे सगळ्या आळीला दिसायचं. रात्री गावाची जागल करणाऱ्या वतनदाराच्या हातात मात्र काठीच. कसबे तडवळे हे ढोकीशेजारचं स्टेशन. तिथं फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. आबांच्या गोष्टीत त्या दिवशीच्या गर्दीचं वर्णन येई. वतन म्हणजे काय, तर गावाची राखण करायची, माग काढायचा, सरकारी वसुली पोचवायची, सांगावा न्यायचा आणि बदल्यात अपमान घ्यायचा. जोखीम सगळी त्यांची, हत्यार दुसऱ्याचं. परिषदेतल्या भाषणांचा तपशील आबांना सांगता येत नसे, पण गावातले जागले तिथून आले ते मान वर करून आले, असं ते म्हणत. बाबासाहेब आणि शस्त्र या विषयाकडे मला पुन्हा यायचं आहे.

आता १९४८.

कासिम रझवी लातूरचा वकील. ढोकीहून लातूर किती जवळ ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. १९४६ पासून मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाची सूत्रं त्याच्याकडे गेली आणि त्याच्या रझाकार स्वयंसेवकांची संख्या लाखांत सांगितली जाऊ लागली. त्यातल्या बहुतेकांकडे ठासणीच्या बंदुका, भाले आणि तलवारीच होत्या. आधुनिक हत्यार थोड्यांच्याच हाती. पण ज्या गावात गोफणीपलीकडे काही नाही, तिथं ठासणीची बंदूकही पुरे. ती भरायला वेळ लागतो, एकच बार निघतो, पावसात दारू भिजते, हे सगळं कागदावर खरं. थोरली आजी तेव्हा तान्ह्या लेकराला घेऊन ज्वारीच्या ताटांत झोपायची. लेकरू रडू नये म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा बांधलेली चिंधी धरायची. एका रात्री बांधापलीकडून घोडे गेले, ते कोणाचे होते हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढं तिला आणि लेकराला काही दिवसांसाठी बार्शीकडं, मामांकडं पोचवलं.

त्याच काळात करोडगिरीच्या नाक्यावर कापडाचा तागा उघडून पाहणाऱ्या राज्यात आभाळातून बंदुका उतरत होत्या. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून निजामाच्या राज्यात हत्यारं आणत होता. बिदर, वारंगल इथल्या धावपट्ट्यांवर ती उतरत. पुढं ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला झाला आणि शिक्षा काय, तर २०० पौंड दंड. वाहतुकीचा कायदा हवा की नको, असं कुणी विचारलं की मला हा दंड आठवतो. कुणीतरी चोरून आणलेल्या त्या पेट्यांची किंमत खेड्यापाड्यांतल्या माणसांनी भरली.

दुसऱ्या बाजूलाही हत्यारं लागत होतीच. बार्शी-सोलापूरकडं सरहद्दीलगत, निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसची शिबिरं उभी राहिली. तिथल्या तरुणांना बंदुका हव्या होत्या आणि बंदुकांना पैसा. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेडकडची उमरीची बँक लुटली गेली. मराठवाड्याच्या लढ्यातली ती फार मोठी घटना. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत, विनापरवाना मिळवलेल्या एका बेरेटा पिस्तुलानं गांधीजींचा खून झाला. लाल किल्ल्यातल्या त्या खटल्यात खुनाच्या कलमाबरोबर शस्त्र कायद्याची कलमंही लागलेली होती. एकाच तारखेच्या या दोन गोष्टी शेजारी ठेवताना माझा हात अडखळतो. उमरीच्या पोरांना मी गुन्हेगार म्हणणार नाही. सरकारच जुलमी झालं, कायदाच जुलमाच्या हाती गेला, तर माणूस परवाना कोणाकडे मागणार? हा प्रश्न माझ्या घरातल्या माणसांनी जगून पाहिला आहे, आणि म्हणून जे लोक शस्त्राचा हक्क मागतात त्यांना मी वेडे ठरवत नाही. पण पिस्तूल मिळवणं इतकं सोपं असलं की ते कोणत्या हातात जाईल हे कोणीच ठरवू शकत नाही, हेही त्याच तारखेनं दाखवलं.

१३ सप्टेंबरला सोलापूरच्या बाजूनं भारताची फौज नळदुर्गात शिरली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, मग तुळजापूर. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. आमच्याकडे याला ॲक्शन म्हणतात. "ॲक्शनच्या आधी", "ॲक्शननंतर", असं आजीचं पंचांग.

ॲक्शननंतरची गोष्ट मात्र ती दिवसाढवळ्या सांगत नसे. मी मोठा झाल्यावर, घरात दुसरं कुणी नसताना तिनं ती सांगितली. आमच्या आळीत एक मुसलमान कुटुंब होतं, बांगड्या भरणारं. आजीच्या हातातल्या सासरच्या पहिल्या बांगड्या त्यांच्याच. त्यांचा रझाकारांशी संबंध असता तर रझाकारांच्या रात्री त्या घरातल्या म्हातारीनं आमची गाय आपल्या गोठ्यात बांधून राखली नसती. फौज आली तशी हत्यारं जमा करायची दवंडी झाली. त्या घरातून एक जुनी तलवार आणि एक सुरा निघाला, ती दोन्ही त्यांनी नेऊन दिली. दुसऱ्या घरांतलं काय काय निघालं आणि काय राहिलं, ते आजीला ठाऊक होतं. चौथ्या-पाचव्या रात्री बाहेरगावचा जमाव आला. आबांनी त्या घरातल्या बायका-पोरांना आमच्या बळदात उतरवलं. वर ज्वारीची पोती ओढली. आजी उंबऱ्यात बसून राहिली. जमावातल्या एकाच्या खांद्याला वाड्यातली ती ठासणीची बंदूक होती. तिनं ती ओळखली. सरकारजमा व्हायला हवी होती ती बंदूक, झाली नव्हती.

बळदातली माणसं वाचली. त्या घरातला कर्ता पुरुष शेतातून परतला नव्हता. तो पुढंही परतला नाही.

हे एकट्या ढोकीत घडलं नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती भारत सरकारच्या सांगण्यावरून नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यात फिरली. सगळ्यात जास्त नुकसान झालेल्या चार जिल्ह्यांत तिनं आमच्या उस्मानाबादचं नाव घातलं. बाकीचे गुलबर्गा, बिदर, नांदेड. राज्यभर मेलेल्यांचा तिचा अंदाज २७,००० ते ४०,००० चा. मुसलमानांची हत्यारं काढून घेतली आणि हिंदूंकडची पुष्कळदा तशीच राहू दिली, हे निरीक्षणही त्या अहवालात आहे. तो अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात मुक्तिसंग्राम होता, आणि तो असलाच पाहिजे. त्यापुढचं पान नव्हतं. रझाकारांनी जे केलं त्यानं या पानाचा हिशेब मिटत नाही. आजी दोन्ही रात्री एकाच आवाजात सांगायची, ज्वारीतली आणि उंबऱ्यातली.

समिती आमच्या मुलखात फिरत होती, नेमक्या त्याच दिवसांत, डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला, दिल्लीत संविधान सभेत शस्त्राच्या हक्कावर चर्चा चालू होती. हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. कराचीच्या ठरावाची त्यांना आठवण होती, आणि मागणी प्रामाणिक होती. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला हा हक्क दिला तर ज्यांच्या हाती शस्त्र जाणं समाजाला घातक, त्यांनाही तो मिळेल आणि सरकारला आवर घालता येणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानात उरला तो शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क, एकोणिसाव्या अनुच्छेदातला.

सुभेदाराचा मुलगा, तडवळ्याला काठीवाल्या वतनदारांसमोर उभा राहिलेला माणूस. शस्त्राची गरज कुणाला असते हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तरी त्यांनी नकार दिला. मी त्याचा अर्थ माझ्या मुलखावरून लावतो. हक्क सगळ्यांना दिला तरी बंदूक विकत घेणार कोण? वाडा घेणार. जागल्या घेणार नाही, बांगड्यावाला घेणार नाही, माझे आबा घेणार नाहीत. मोकळीक दिली की हत्यार तिथंच जातं जिथं आधीच ताकद आहे. म्हणून परवाना हवा, आणि तो देणारं सरकार सगळ्यांचं हवं. या दोनपैकी एक असून भागत नाही.

स्वतंत्र देशाचा शस्त्र कायदा १९५९ मध्ये झाला, १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि १८७८ चा कायदा रद्द झाला. तो वाचताना दोन ठिकाणी मी थांबलो. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना देण्याकडे तेराव्या कलमाचा स्पष्ट कल आहे. आणि चौदाव्या कलमात म्हटलंय की केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्यावरून परवाना नाकारता येणार नाही. हे दुसरं वाक्य ज्यानं कुणी घातलं असेल त्याला मी मनातून नमस्कार केला आहे. वाड्याची बंदूक आणि माळ्यावरचा राखणदार यांतलं अंतर ज्यानं पाहिलंय तोच असं लिहू शकतो. धारदार हत्यारांच्या बाबतीतही हीच समज दिसते. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारावर निर्बंध असले तरी शेतीची आणि घरकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. तेरणा कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्याच्या हातातला कोयता म्हणूनच अवजार ठरतो. तोच कोयता मोटारसायकलवर बसून चौकात उपसला तर गोष्ट वेगळी, आणि वेगळीच असायला हवी.

२०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. लग्नात, मिरवणुकीत निष्काळजीपणे हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. वरातीतल्या गोळीला परत खाली यावंच लागतं, आणि ती कोणाच्या पोराच्या डोक्यावर येईल हे वऱ्हाडातल्या कोणाला ठाऊक नसतं. या कलमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मग कुठं अडतं? अंमलबजावणीत अडतं, आणि ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. कळंब तालुका ओलांडला की केज. तिथल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी खून झाला आणि त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा आकडा सगळ्या महाराष्ट्रासमोर आला. बाराशेंहून अधिक. हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती लोकांनी फोनवर पाहिल्या. मग छाननी सुरू झाली, परवाने रद्द होऊ लागले. जे परवाने खून झाल्यावर रद्द करता आले ते देताना काय पाहिलं होतं? अर्जात जिवाला धोका लिहिलेला असणार. ज्याच्या जिवाला खरोखर धोका होता त्या सरपंचाच्या उपयोगी ना परवाना आला ना पोलीस. कायद्यात चौकशी आहे, पोलीस अहवाल आहे, लोकांच्या सुरक्षेसाठी नाकारायचा अधिकार आहे, सतराव्या कलमात रद्द करायचा अधिकार आहे. सगळं आहे. ते वापरायचा हात वाड्याकडे पाहून थांबतो, आणि १९४८ च्या सप्टेंबरात ज्या कारणानं ती ठासणीची बंदूक जमा झाली नाही, त्याहून हे कारण मला वेगळं वाटत नाही.

निवडणूक लागली की परवानाधारकांची हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात. आता त्यासाठी जिल्हा पातळीवर छाननी समिती असते. कोणाचं घ्यायचं, कोणाचं ठेवायचं ते तिनं ठरवायचं. मला ही पद्धत योग्य वाटते, अट एकच, की ज्याचं राहू दिलं त्याचं कारण कागदावर असावं आणि ते गावाला वाचता यावं.

मामांच्या त्या बारा बोअरचं काय झालं तेही सांगतो. मामा वारले. परवाना माणसाबरोबर संपतो. बंदूक वारशानं आपोआप मिळत नाही. वारसानं आपला वेगळा अर्ज करायचा, तोवर ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवायची. मामांच्या मुलानं ती जमा केली आणि पुढं अर्ज केलाच नाही. तो मास्तर होता, शेत वाट्यानं दिलेलं होतं. घरातली वस्तू गेली म्हणून मामी हळहळल्या. मला मात्र या नियमात शहाणपण दिसतं. शेत वारशानं यावं, घर यावं. बंदूक वागवायची अक्कल वारशानं येते असं मानायला काही आधार नाही, आणि वाड्यात ती तशीच मानली गेली म्हणून जे झालं ते मी वर लिहिलं आहे.

हल्ली आमच्या शिवारात डुकरं पुन्हा वाढली आहेत. हरभरा, मका, ऊस, काही सोडत नाहीत. येडशी-रामलिंगचं अभयारण्य जवळच आहे. २०२४ च्या अखेरीस तर यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ तिथं दिसला आणि महिनोन्‌महिने गावागावांत दुसरा विषय नव्हता. आमच्या पुतण्यानं मनावर घेतलं की पीक राखायला बंदुकीचा परवाना काढायचा. गोफणीवर एक पिढी गेली, डब्यांवर दुसरी, आता आपण रीतसर मागू, असं त्याचं म्हणणं. मी त्याला विरोध केला नाही. तो त्याचा हक्क आहे आणि कायदा त्याच्या बाजूनं आहे, हे मीच त्याला वाचून दाखवलं.

आम्ही अर्ज पुढ्यात घेऊन बसलो. ओळखीची आणि पत्त्याची कागदपत्रं, शेताचा तपशील, प्रकृतीचं आणि मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र, बंदूक हाताळायचं प्रशिक्षण, सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र. एकेक अट मी त्याला विचारत गेलो, ही नको वाटते का? त्याला एकही नको वाटली नाही. प्रशिक्षणाच्या जाण्यायेण्याचा आणि मजुरी बुडण्याचा खर्च कोण देणार, एवढंच त्यानं विचारलं, आणि तो प्रश्न खरा आहे. चौदावं कलम म्हणतं की गरिबीमुळे नाकारू नका. पण वाटेतले हेलपाटे गरिबालाच बाहेर ठेवतात. प्रशिक्षण तालुक्याला, पोलीस ठाण्याच्या आवारात, शेतकऱ्याला फुकट मिळायला हवं. तपासणी कडक ठेवा, पण ती माणसाच्या वागण्याची ठेवा. त्याच्या खिशाची नको.

मग मी त्याला दुसरा कायदा दाखवला. परवान्यानं बंदूक घरात येते, डुक्कर मारायची मुभा येत नाही. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची वेगळी लेखी परवानगी लागते. हे ऐकून तो गप्प झाला. रात्रीचा अंधार, उसाचा फड, पलीकडच्या शेतात पाणी द्यायला गेलेला माणूस. सावली हलली म्हणून बार काढला तर? त्याची बायको इतका वेळ चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं विचारलं, दोन खोल्यांच्या घरात, तीन पोरांत, ती ठेवायची कुठं आणि किल्ली कोणाच्या हाती? पुतण्या म्हणाला, तुझ्या हाती. ती म्हणाली, मग अर्ज माझ्या नावानं कर, शिकायलाही मीच जाते.

अजून अर्ज गेलेला नाही. यंदा त्यांनी उसाभोवती झटका मशीनची तार ओढली आहे आणि हरभरा वाचला आहे. कोरा अर्ज कपाटात आहे, आणि त्यावर नाव कोणाचं घालायचं यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.